कान गार, ऊन बेचाळीस: बसलेल्या एका गायीचं प्रकरण

हे प्रकरण उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गोठ्यातलं आहे. मालकाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गायीची लक्षणं, औषधाचं प्रमाण आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. पशुवैद्यकाला हा आजार नवा नाही. तरी लिहितोय, कारण शाळेच्या पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत येणाऱ्या दोन गोष्टी, शरीराची समस्थिती (आतला तोल कायम राखणं) आणि चेतासंस्थेचं काम, त्या दुपारी एकाच फरशीवर एकमेकींत गुंतून पडल्या होत्या.

पार्श्वभूमी

आण्णांकडे सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि दोन पंढरपुरी म्हशी. गोठा पत्र्याचा, खाली शहाबादी फरशी, बाजूला कडब्याची गंज. चारा म्हणजे कडबा, घरची लसूणघास, थोडी सरकी पेंड आणि कारखाने चालू असले की उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटातल्या कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. म्हणून आपल्याकडे वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची रीत आहे आणि ती योग्यही आहे.

प्रकरणातली गाय चौथ्या वेताची. मागच्या वेताला ऐन भरात दिवसाला २२ लिटर दूध दिलेली, म्हणजे गोठ्यातली लाडकी. मार्चमध्ये ती आटवली, म्हणजे दूध काढणं बंद केलं. तेव्हापासून आण्णा तिला रोज पातळ कॅल्शियम पाजत होते आणि वर पाटीभर लसूणघास. हंगाम संपून वाढे बंद झाले, तरी कॅल्शियम चालूच राहिलं. "गाभण हाय, पोटात हाडं तयार व्हायलेत, कमी कशाला पडू द्यायचं?" हा त्यांचा हिशोब. ऐकायला बिनचूक वाटतो. त्यातली गोम पुढे येईल.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे चारला गाय व्याली. कालवड झाली, वार वेळेत पडली, सगळं सुरळीत. पहाटे पाच लिटर आणि साडेआठला आणखी चार लिटर चीक पूर्ण पिळून काढला. कालवडीला पाजून उरलेला गल्लीत वाटला. चौथ्या वेताच्या गायीचा घट्ट चीक म्हटल्यावर शेजारच्या चार घरी खरवस शिजणारच.

अडचण

दुपारी दीडला आण्णांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, ऊन लागलंय बघा गायीला. सकाळधरनं पाय कापायले होते, आता अकरापासनं बसलीय ती उठंना झालीय."

त्या दिवशी सोलापुरात पारा बेचाळीसवर होता. उन्हाळ्यात असे फोन रोज येतात आणि बहुतेक वेळा मालकाचं निदान खरं असतं. एचएफचं रक्त थंड देशातलं, आणि आपल्या पत्र्याखाली तिची काहिली होते. मीही गाडीत बसताना सलाइनच्या बाटल्याच आधी भरल्या.

पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. गाय पत्र्याखाली छातीवर बसलेली, मान वळवून डोकं स्वतःच्याच बरगडीवर टेकवलेलं. मान सरळ केली की पुन्हा तिथंच जायची. अंगावर ओली पोती, समोर पंखा, आणि घरातली माणसं तासभर बादल्या ओतत होती. एक शेजारी बांबूचं नळकांडं घेऊन तयार होते. त्यात कांद्याचा रस आणि ताक, उन्हाचा उतारा म्हणून.

पहिला निर्णय तिथंच घ्यावा लागला: ते नळकांडं बाजूला ठेवायला लावलं. शेजाऱ्यांना थोडं लागलं, पण इलाज नव्हता. जी गाय मान धरू शकत नाही तिला गिळता येईलच असं नाही, आणि गिळण्याची क्रिया मंद असताना ओतलेलं ताक श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. मूळ आजारातून वाचलेल्या गायी मग चार दिवसांनी न्यूमोनियाने जातात. मालकाला वाटतं, औषध लागू पडलं नाही.

दुसरी सावधगिरी माझ्यासाठी. न उठणारी, तोंडाला थोडी लाळ असलेली गाय दिसली की आपल्या देशात रेबीजची शंका मनात ठेवूनच हात पुढे करायचा. कुत्रं चावल्याचा इतिहास नव्हता, आवाज बदललेला नव्हता, तरी मोजे घालूनच तोंड पाहिलं.

तपासणी आणि पहिली अडखळ

थर्मामीटर लावला. ९९.८ अंश फॅरनहाइट.

गायीचं नेहमीचं तापमान १०१.५च्या आसपास असतं. ऊन लागलेल्या गायीचं १०६च्या पुढे जातं, ती तोंड उघडून धापा टाकते, जीभ बाहेर येते. इथं उलटंच. पण लगेच निष्कर्ष काढणं बरोबर नव्हतं, कारण तासभर पाणी ओतलेलं होतं. पाण्यानेच तर तापमान उतरलं नसेल? ऊन लागलेल्या जनावरावर जास्त वेळ पाणी मारलं तर ते वाजवीपेक्षा खाली जातं, हे मी पाहिलेलं आहे. आणि हा प्रश्न पुस्तकी नव्हता. दुसरी शंका कॅल्शियम घसरल्याची होती, आणि उन्हाने हृदय थकलेल्या गायीला शिरेतून कॅल्शियम दिलं तर हृदय बंद पडू शकतं.

म्हणून पाणी थांबवलं, पोती काढली आणि दहा मिनिटं थांबलो. त्या वेळात शेजारच्या उभ्या गायीचं तापमान घेतलं: १०३.२. तिच्या धापा चालू होत्या, मिनिटाला सत्तरच्या वर. म्हणजे त्या पत्र्याखाली त्या वेळी धडधाकट गाय तापून १०३ला होती. तिच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान चाखत होता आणि श्वास वाढव, कातडीकडे रक्त सोड, घाम आण, असे हुकूम देत होता. बसलेली गाय तिच्यापासून चार हातांवर, तेच ऊन, आणि तिला धापच नाही. श्वास उथळ आणि शांत.

मग कान. बसलेल्या गायीचे कान हाताला गार लागत होते. थंड देशातल्या पुस्तकांत हे लक्षण ठळक दिलेलं असतं, पण बेचाळीस अंशांत 'कान गार' या शब्दांवर विसंबणं धोक्याचं. हवाच अंगापेक्षा गरम, त्यात कान रक्ताअभावी गार पडणार कसे? ओले होते म्हणून गार होते. तेव्हा शेजारच्या गायीचा कानही ओला करून पंख्यासमोर धरला. पाणी वाळत होतं, तरी तो मुठीत गरमच लागला. आतून गरम रक्त येत होतं ना. बसलेल्या गायीच्या कानात ते येत नव्हतं.

दहा मिनिटांनी पुन्हा थर्मामीटर: ९९.९. पाणी बंद करूनही पारा हलला नाही.

बाकीची लक्षणं मग ओळीने जुळत गेली. नाकपुडी कोरडी. बाहुल्या मोठ्या, टॉर्च मारला तरी नीट आकसत नव्हत्या. रवंथ बंद, डाव्या कुशीवर पाच मिनिटं स्टेथोस्कोप ठेवूनही पोटाची हालचाल ऐकू आली नाही. व्याल्यापासून शेण नाही, लघवी नाही. हृदयाचे ठोके ९६, पण आवाज भिंतीपलीकडून यावा तसा दबका. कासेत सूज नाही, दूध साफ, म्हणजे कासेच्या विषबाधेची शंका मागे पडली. मागचे पाय फाकलेले नव्हते आणि गाय भानावर नव्हती, त्यामुळे विताना कंबरेतली चेता दबून बसलेली गाय हीही नव्हे. तशी गाय बसलेली असते, पण डोळे टवटवीत असतात आणि वैरण खाते.

सगळ्यात मोलाची माहिती काकूंनी दिली, तीही मी पेटी उघडत असताना सहज. "सकाळी नुसती माशी बसली तरी दचकायची हो. दात करकर वाजवत होती, एक पाय उचल, दुसरा ठेव. मी म्हटलं वासराकडं जीव लागलाय."

इथं शंका फिटली. दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरणं. नावात ज्वर आहे, आजारात नाही. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्याकडे बहुधा थर्मामीटर नव्हता.

शरीरात काय बिघडलं होतं

गायीच्या शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातल्या पाण्यात मोठ्या गायीच्याही जेमतेम ३ ग्रॅम. आणि एक लिटर चिकात साधारण २.३ ग्रॅम जातं. नऊ लिटर चीक म्हणजे वीस ग्रॅम. साडेचार तासांत रक्तातल्या साठ्याच्या सहा-सातपट माल कासेतून बाहेर गेला.

मंगळवेढ्याकडच्या जुन्या घरांतून ज्वारीची पेवं असत. चुलीजवळच्या डब्यात दोन दिवसांचं पीठ आणि जमिनीखाली वर्षाचं धान्य. पण पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही. आतली कोंदट हवा जाऊ द्यावी लागते, नाहीतर माणूस गुदमरून मरतो. रक्त म्हणजे तो डबा आणि हाडं म्हणजे पेव. धान्य भरपूर आहे, पण काढायला वेळ लागतो.

पेव उघडायचा निरोप मानेतल्या परावटू ग्रंथी देतात. रक्तात कॅल्शियम घसरलं की त्या संप्रेरक सोडतात. मूत्रपिंड काही मिनिटांत ऐकतं आणि लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, पण तिथं वाचण्यासारखं फार नसतंच. खरी भर हाडांतून आणि आतड्यातून पडायची. त्यासाठी हाडं विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागाव्या लागतात आणि मूत्रपिंडात जीवनसत्त्व डी सक्रिय होऊन आतड्यापर्यंत पोचावं लागतं. याला एक-दोन दिवस जातात. वय वाढलेल्या गायीत आणखी उशीर, म्हणून हा आजार बहुधा तिसऱ्या वेतापासून पुढे गाठतो.

आता आण्णांचं कॅल्शियम. दोन महिने रोज तोंडावाटे भरपूर मिळत राहिलं, त्यामुळे परावटू ग्रंथींना कामच उरलं नाही. डबा बाहेरून भरतोय म्हटल्यावर पेवाकडे कोण बघतो? त्यात लसूणघासीत कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही खूप. त्याने रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं आणि अशा रक्तात मूत्रपिंड आणि हाडं परावटूच्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. निरोप जातो, पण कानावर पडत नाही. गाय कॅल्शियमला उपाशी नव्हती. साठा असून तिला तो वेळेत काढता आला नाही.

कॅल्शियम कमी झालं तर गाय का बसते, आणि बसायच्या आधी का दचकते? इथं चेतासंस्था येते.

चेतापेशीच्या आत आणि बाहेर विजेचा फरक असतो, आतली बाजू सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. बाहेरून सोडियम आत घुसला की संदेश उठतो. पेशीच्या आवरणाबाहेरचं कॅल्शियम या सोडियमच्या दारांना जरा जड ठेवतं. ते कमी झालं की दारं हलक्या धक्क्याने उघडतात. माशी बसली की अंग थरारतं, दात वाजतात, पाय जागेवर राहत नाहीत. काकूंनी साडेआठ-नऊला पाहिलं ते हेच. हा टप्पा तास-दीड तासाचा असतो आणि बहुतेक गोठ्यांत तो कोणी पाहतच नाही.

कॅल्शियम आणखी घसरतं तेव्हा दुसरी जागा ढासळते. चेतापेशीचं टोक स्नायूला थेट चिकटलेलं नसतं, मध्ये बारीक फट असते. संदेश टोकाला आला की बाहेरचं कॅल्शियम टोकाच्या आत शिरतं आणि त्याच्या जोरावर ॲसिटिलकोलिनच्या, म्हणजे स्नायूला निरोप देणाऱ्या रसायनाच्या, पुड्या फटीत फुटतात. तेवढं कॅल्शियमच नसेल तर पुड्या फुटत नाहीत. मेंदू 'ऊठ' म्हणतो, मज्जारज्जूतून हुकूम उतरतो, टोकापर्यंत येतो आणि तिथंच संपतो. पोटाचे, आतड्याचे, मूत्राशयाचे स्नायू आणि हृदय यांनाही आकसायला कॅल्शियम लागतं, म्हणून रवंथ, शेण, लघवी सगळं एकदम थांबतं. गंमत म्हणजे कुत्रीत हाच आजार दुसऱ्या टप्प्याला जातच नाही. पिल्लं पाजणारी कुत्री कॅल्शियम घसरलं की ताठरते, झटके देते आणि तापते. तिच्यात फटीतलं काम चालू राहतं. त्यामुळे कुत्र्यांचा दवाखाना चालवणाऱ्या नव्या डॉक्टरला लुळी गाय पाहून हे निदान पटकन सुचत नाही.

हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं तोही एक अपघातच. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे. एकदा शुद्ध पाण्यातलं द्रावण वापरलं आणि हृदय मंदावत थांबलं. आधीचं द्रावण नळाच्या पाण्यातलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. गावोगाव माणसांना आणि जनावरांना लावतात त्या 'आरएल' सलाइनमधला आर म्हणजे हेच रिंगर.

पर्याय

पहिला पर्याय ऊन लागल्याचा उपचार चालू ठेवण्याचा. तो वर सांगितल्याप्रमाणे बाद झाला, पण एक गोष्ट त्यातून घेतली: सावली. दुग्धज्वरात हायपोथॅलॅमसचे हुकूमही पाळले जात नाहीत, म्हणून अशी गाय उन्हात ठेवली तर तापत जाते आणि गारठ्यात ठेवली तर गार पडत जाते. पत्र्याची धग तिला सोसवणारी नव्हती.

दुसरा, रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबायचं. नमुना सोलापूरला पाठवून अहवाल यायला दुसरा दिवस उजाडणार. गाय बसून चार तास होत आले होते. साडेचारशे किलोचं वजन एका मांडीवर, तेही फरशीवर, सहा तासांपुढे गेलं की स्नायूच सडायला लागतात. मग कॅल्शियम भरून निघालं तरी गाय उठत नाही.

तिसरा, कातडीखाली कॅल्शियम. हृदयाला धोका कमी. पण कान गार म्हणजे कातडीकडे रक्तच फिरत नाही, मग औषध तिथून उचलणार कोण?

चौथा, शिरेतून कॅल्शियम. सर्वात लवकर गुण देणारा आणि घाई केली तर जीव घेणारा.

आण्णांच्या वडिलांनी पाचवा सुचवला: कासेत सायकलच्या पंपाने हवा भरा. हसण्यावारी नेण्यासारखा तो मुळीच नाही. १८९७मध्ये डेन्मार्कच्या श्मिट यांनी कासेत औषध भरून या गायी उठवल्या आणि नंतर नुसती हवा भरूनही त्या उठतात असं दिसून आलं. कास फुगली की दूध बनणं थांबतं आणि कॅल्शियमची गळती बंद होते. १९२५मध्ये स्कॉटलंडच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कारण कॅल्शियमच्या घसरणीत असावं असं मांडलं आणि मग बाटल्या आल्या. पंपाने कासदाह होतो म्हणून ती पद्धत मागे पडली. आजोबांना मी हे सगळं नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मग आमचं बरोबरच होतं की."

काय केलं

आधी गाय लिंबाखाली नेली. ओढत नाही, ताडपत्रीवर घेऊन सहा जणांनी सरकवली. खाली कडबा पसरला, छातीवर बसवून दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावली, म्हणजे आडवी पडून पोट फुगायला नको.

मानेच्या शिरेतून औषधाआधी रक्ताचा नमुना काढला. निदान ठाम असताना हा खर्च का, असं आण्णांनी विचारलं. कारण कॅल्शियम दिल्यावर काढलेल्या नमुन्यातून काहीच कळत नाही, आणि गाय उठली नाही तर पुढे काय हे ठरवायला तो आकडा लागतो.

मग कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, २५ टक्के, ४५० मिलीची बाटली. यात साधारण ८ ते ९ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि १०० किलोला २ ग्रॅम या हिशोबाने या गायीला एक बाटली पुरे. पुस्तकं सांगतात, बाटली कोमट करून घ्या. माझी बाटली गाडीच्या डिकीतून निघाली ती चहासारखी गरम. ती माठाच्या पाण्यात ठेवून आधी निववावी लागली, मनगटावर थेंब पाडून पाहिला. थंड देशातल्या सूचना सोलापुरात उलट्या वाचाव्या लागतात.

सुई शिरेत, बाटली आण्णांच्या मुलाच्या हातात, आणि माझे कान स्टेथोस्कोपला. मिनिटाला वीस मिलीच्या आसपास. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच नाही. साधारण अडीचशे मिली गेल्यावर ठोक्यांची लय चुकली: दोन ठोके, मग रिकामी जागा. नळी चिमटली. तीन मिनिटं कोणी बोललं नाही. ठोके जागेवर आले, आवाज आता आधीपेक्षा भरीव होता. उरलेलं औषध निम्म्या वेगाने सोडलं.

संपता संपता मांडीचे आणि कुशीचे स्नायू थरथरू लागले. काकू घाबरल्या, "पुन्हा सकाळसारखं व्हायलंय." तसंच व्हायला हवं होतं. कॅल्शियम वर चढताना त्याच दचकण्याच्या टप्प्यातून परत जातं. मग नाकपुडीवर दवासारखे थेंब आले, मोठा ढेकर आला, शेणाचा कोरडा गोळा पडला. चार वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या प्रयत्नात गाय उभी राहिली आणि बराच वेळ मुतली.

आण्णांनी खिशात हात घातला. "अजून एक बाटली सोडा, पैशाचं बघू नका." हाही निर्णयाचा क्षण. नाही म्हणालो. शिरेतून रक्तात जास्त कॅल्शियम चढवलं की परावटू ग्रंथी 'आता गरज नाही' समजून गप्प बसतात आणि सुरू झालेलं हाडांचं काम पुन्हा थांबतं. दुसरी बाटली सुरक्षिततेसारखी दिसते, पण तिने रात्रीची घसरण पक्की होते. त्याऐवजी, कानात ऊब आल्याची खात्री करून, थोडं कातडीखाली दिलं. रात्री नऊला, गाय नीट पाणी पिते हे पाहून, तोंडावाटे कॅल्शियमचं जेल द्यायला सांगितलं.

परिणाम

पहाटे पाचला पुन्हा फोन. गाय उभी होती, पण डुलत होती. रात्री कास तटतटली म्हणून मुलाने पूर्ण पिळली होती. या आजारातून उठलेल्या चारांतली एखादी गाय दोन दिवसांत पुन्हा बसते हे मला माहीत होतं, आणि मी मुलाला कासेबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. तोंडी जेलपुरतीच सूचना. अर्धी बाटली, पुन्हा सावकाश. त्यानंतर ती बसली नाही.

अहवाल दुपारी आला: कॅल्शियम १०० मिली रक्तात ४.४ मिलिग्रॅम. नेहमीचं ८.५ ते १०.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. उजव्या मागच्या पायाचा खूर ती पालथा टाकायची, चालताना बोटांची पुढची बाजू फरशीला घासायची. आण्णांना वाटलं कॅल्शियम अजून कमीच आहे. पण कॅल्शियमची तूट कधी एकाच पायाला होत नाही. खुराच्या वरच्या सांध्यावर पुढून सुई टोचली तर गाय गप्प, मागून टोचली तर पाय झटकन वर. म्हणजे पुढच्या बाजूला जाणारी एकच चेता बधिर होती. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ही चेता कातडीखालीच, हाडाला लागून जाते. चार तास फरशीवर ती वजनाखाली चेंगरली. आदल्या दिवशी तार शाबूत होती आणि फटीतला निरोप पडत नव्हता. आता उलट, फटीत सगळं ठीक होतं पण एक तारच दबलेली. याला बाटली नाही. खुराभोवती पट्टी, खाली मऊ माती आणि वाट पाहणं. बारा-तेरा दिवसांत पाय सरळ पडू लागला.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला कासेबद्दल सांगायचं राहिलं, हे वर आलंच आहे. अशा गायीची कास पहिले एक-दोन दिवस पूर्ण रिकामी करू नये, असं मी सांगतो. त्याने किती फरक पडतो यावर डॉक्टरांत एकमत नाही, पण नुकत्याच उठलेल्या गायीला मध्यरात्री कोरडी करण्यात शहाणपणा नाही एवढं नक्की. कालवडीला मात्र पहिल्या तासांतला चीक पोटभर मिळायलाच हवा. कपात करायची ती खरवसात.

फोनवर मी एक प्रश्न विचारायला हवा होता: कधी व्याली? तो विचारला असता तर फरशीवरून मातीत घ्या, छातीवर बसवा, तोंडात काही ओतू नका, हे दीड वाजताच सांगता आलं असतं. पायाची चेता कदाचित वाचली असती. 'ऊन लागलंय' हे शब्द ऐकले आणि मी पुढचं ऐकायचं थांबवलं.

आणि मोठी चूक त्याहून जुनी. संध्याकाळी चहा घेताना मी आण्णांना विचारलं, आटवलेल्या गायीला कॅल्शियम पाजायचं कोणी सांगितलं? ते थोडे बिचकले. "तुम्हीच की. डिसेंबरात देवळात मीटिंग घेतली होती तुम्ही. वाढे घालता तर कॅल्शियम चालू ठेवा म्हणाला होता."

म्हणालो होतो. दुभत्या गायीसाठी म्हणालो होतो, पण तो शब्द वापरला होता की नाही ते आठवत नाही. वापरला नसावा. तीस माणसं होती आणि मला पुढच्या गावाला जायचं होतं.

आता त्याच विषयावर बोलताना मी दोन वेगळे काळ सांगतो. दूध चालू असताना, विशेषतः वाढ्यांवर, कॅल्शियम हवं. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत जादा कॅल्शियम बंद, लसूणघास बंद, कडबा आणि मक्याचा चारा पुढे करायचा, मॅग्नेशियम पुरेसं ठेवायचं. जमल्यास ऋण आयनांचं क्षारमिश्रण द्यायचं, ज्याने रक्त आम्लाकडे किंचित झुकतं आणि परावटूचा निरोप ऐकू जातो. झुकलं की नाही ते लघवीच्या पट्टीवर दिसतं: नेहमी ८च्या आसपास असणारा पीएच ६ ते ७च्या मध्ये यायला हवा. आणि व्याल्याबरोबर, गाय उभी आणि गिळती असताना, तोंडावाटे कॅल्शियम.

आण्णांनी हे सगळं केलं. लघवीची पट्टी काकूंनी धरली. गायीच्या मागे वाटी घेऊन उभं राहायची कोणाची तयारी नव्हती, आणि पहिल्या दिवशी निम्मी लघवी त्यांच्या लुगड्यावर गेली. पाचवं वेत पुढच्या वर्षी आषाढात, पालख्या पंढरपूरजवळ आल्या होत्या त्या दिवसांत. रात्री अकराला व्याल्याचा निरोप आला. मी झोपलो नाही. अडीचला मीच फोन लावला.

"उभी हाय," आण्णा म्हणाले. "मी दर तासाला हात लावून बघायलोय. कान गरम हायेत."